ग्योताकू: माशाचा ठसा कागदावर उतरवताना

जपानीत ‘ग्यो’ म्हणजे मासा आणि ‘ताकू’ म्हणजे ठसा. कॅमेरा नव्हता तेव्हा गळाला लागलेल्या मोठ्या माशाचा पुरावा ठेवायचा तर त्यालाच शाई फासून कागद दाबायचा, इतकी साधी ही कला आहे. आज शिल्लक असलेल्यांतला सर्वांत जुना म्हणून ओळखला जाणारा ठसा १८३९ सालचा, फुना या गोड्या पाण्यातल्या माशाचा आहे. त्याचं नातं शोनाई संस्थानाशी, म्हणजे आताच्या यामागाता प्रांतातल्या त्सुरुओका भागाशी आहे. तिथले सामुराई किनाऱ्यावरच्या गळमासेमारीकडे शस्त्राभ्यासाइतक्याच गांभीर्यानं पाहत, त्यामुळे मोजमापाची शिस्त या कलेत सुरुवातीपासूनच आली.

पद्धती दोन. थेट पद्धतीत शाई माशाला लागते आणि कागद वरून दाबतात. अप्रत्यक्ष पद्धतीत ओला कागद माशावर चिकटवून शाई कागदाच्या वरच्या बाजूनं टिपतात. शिकायचं ते थेट पद्धतीनंच. इथे मुख्यतः तीच सांगितली आहे, दुसरीबद्दल शेवटाकडे थोडं येईल. एक गोष्ट आधीच सांगून टाकू: नवशिक्याचा सगळा जीव शाईत आणि कागदात अडकलेला असतो, पण दहातले आठ ठसे बिघडतात ते माशावर राहिलेल्या बुळबुळीमुळे आणि पाण्यामुळे. शाईची बाटली उघडायच्या आधीच काम निम्म्याहून जास्त झालेलं असतं.

मासा कोणता

चपटा, मोठ्या खवल्यांचा, २० ते ३० सेंटिमीटरचा. जपानी ताई, म्हणजे लाल समुद्री ब्रीम, यासाठी आदर्श: खवले ठळक, पाठीचा पर ऐटबाज, शरीर दोन्ही बाजूंनी दबलेलं. फुनासुद्धा चांगला. साबा, म्हणजे बांगड्याच्या कुळातला मासा, सुरुवातीला टाळा. त्याचे खवले इतके बारीक की ठसा गुळगुळीत करड्या पट्ट्यासारखा येतो, आणि अंग गोल असल्यामुळे कागदाला चुण्या पडतात. ईल तर लांबच ठेवा.

मासा ताजा हवा, पण तो चवीसाठी नव्हे. शिळ्या माशाचं पोट खचतं, खवले सुटतात आणि कल्ल्यांतून लालसर पाणी गळत राहतं. गोठवलेला चालतो, मात्र गोठवताना पर उघडून सपाट ठेवलेला असावा आणि काम करण्यापूर्वी पूर्ण सुटू द्यावा. अर्धवट गोठलेल्या माशावर सतत दव जमतं. डोळे आत गेले असतील तरी बिघडत नाही, डोळा शेवटी हातानंच काढायचा असतो. पोट फाडलेला किंवा खवले काढलेला मासा मात्र कामाचा नाही.

आता कोणती बाजू वर ठेवायची? थेट ठसा आरशातल्या प्रतिमेसारखा उलटा येतो. माशाची डावी बाजू वर ठेवली तर समोर दिसताना डोकं डावीकडे असतं, पण कागदावर ते उजवीकडे जातं. जपानी रिवाजाप्रमाणे ताटात आणि चित्रात डोकं डावीकडे हवं असेल, तर उजव्या बाजूला शाई लावायची. चपट्या तळमाशांत याची गंमत होते. ‘डावा हिरामे, उजवा कारेई’ अशी जपानी कोळ्यांची ओळखखूण आहे: हिरामेचे डोळे डाव्या अंगाला, कारेईचे उजव्या. हिरामेचा थेट ठसा घेतला की कागदावर कारेई उमटतो, आणि जाणकार बघताक्षणी हसतात.

धुणं

हौद किंवा मोठं भांडं, थंड वाहतं पाणी, जाडं मीठ, भांडी घासायच्या द्रवाचे चार थेंब. गरम पाणी अजिबात नको. त्वचा शिजू लागते आणि चरबी बाहेर येते.

आधी पोटावरून गुदद्वाराच्या दिशेनं हलकेच अंगठा फिरवून आतली घाण निघू द्या. आत्ता नाही निघाली तर कागद दाबताना निघेल. मग मूठभर मीठ दोन्ही अंगांवर घालून डोक्याकडून शेपटीकडे बोटांनी चोळा. उलट दिशेनं चोळलं तर खवले उचलले जातात आणि एकदा सुटलेला खवला परत बसत नाही. बुळबुळ मिठात धरून पांढरट, ताणली जाणारी लस निघते. ती धुवून टाका, परत मीठ. तीन फेऱ्या साधारण पुरतात. लस जास्त धरणाऱ्या माशाला पाच लागतात. शेवटी द्रवाचे थेंब मऊ ब्रशावर घेऊन खवल्यांच्या फटी, पराच्या मुळाशी आणि कल्ल्यांच्या झाकणाखाली फिरवा, आणि बारीक धारेखाली पूर्ण निथळू द्या. मिठाऐवजी तुरटीची पूडही वापरतात, तिनं लस लवकर गोठते.

धुणं पुरं झालं का, हे डोळ्यांना कळत नाही, अंगठ्याला कळतं. पुसलेल्या अंगावर अंगठा सरकवा. तो सुळकन घसरला तर बुळबुळ आहे. ओल्या काचेवर धुतलेलं बोट जसं अडखळतं, तसा करकरत अडखळला तर झालं. मीठ उरलं असेल तर तेही पाणी ओढून घेतं आणि ठशात पांढरे ठिपके पडतात, म्हणून शेवटचं धुणं आळस न करता करा.

वाळवणं आणि बंद करणं

जुन्या सुती कापडानं टिपा, पुसू नका. मग टिश्यूचे बोळे चिमट्यानं तोंडात, गुदद्वारात आणि कल्ल्याच्या झाकणाखाली घाला. झाकणाखालचा बोळा चपटा घडी करून घालायचा, फुगला तर ठशात गालावर टेंगूळ येतं. हे बोळे शाई लावायच्या अगदी आधी एकदा बदला, कारण तोवर ते भिजलेले असतात. पोट बसकं दिसत असेल तर तोंडातून आणखी थोडा टिश्यू सरकवून आतून आधार देता येतो.

मांडणी

जाड थर्माकोलचा पाट घ्या, माशापेक्षा सगळीकडून १० सेंटिमीटर मोठा. मासा त्यावर ठेवून पेन्सिलीनं आकार काढा आणि तेवढा खळगा कोरा. खोली माशाच्या जाडीच्या निम्मी. असं केलं की मासा अर्धा आत बसतो, पर पाटाच्या पातळीवर येतात आणि कागदाला कड्यावरून खाली उडी मारावी लागत नाही. हा खळगा न करता नुसत्या टेबलावर मासा ठेवून केलेले ठसे ओळखू येतात: अंग ठळक आणि पर अर्धे गायब.

पर उघडताना घाई नको. पाठीच्या पराचा पहिला काटा बोटानं पुढे ओढा, मागे टाचणी टोचून तो उभा धरा, मग मधले काटे आपोआप पंख्यासारखे पसरतात. टाचणी पडद्यातून नाही, काट्याच्या अगदी मागून पाटात घुसवायची आणि बाहेरच्या बाजूला कलती ठेवायची, म्हणजे नंतर निघताना पर फाटत नाही. परांखाली मूर्तिकामाच्या मातीची किंवा प्लॅस्टिसिनची पातळ पट्टी द्या. शेपटीचं तेच. छातीचा पर अंगावर चिकटलेला असतो. त्याच्याखाली कागदाचा कपटा सारून तो थोडा बाहेर काढला तर ठशात वेगळा उठून दिसतो.

काट्यांशी सांभाळून. आयगो या माशाच्या परांचे काटे विषारी असतात, मेलेल्या माशाचा काटासुद्धा चांगलाच ठणकतो. जात नीट ठाऊक नसेल तर जाड हातमोजे घाला.

पर उघडले की केस वाळवायच्या यंत्राच्या गार हवेनं १० ते १५ मिनिटं त्यांना वाळवा. परांचा पडदा सुकून ताठ झाला की टाचण्या काढल्या तरी ते मिटत नाहीत. गरम झोत मात्र लावू नका. कातडी आकसते, तेल सुटतं, आणि तेलावर पाण्याची शाई धरत नाही.

याच वेळी लांबी मोजून घ्या, सरळ पट्टीनं, थोबाडापासून शेपटीच्या टोकापर्यंत. ठशावरून नंतर मोजलेलं माप खरं नसतं: कागद अंगाच्या फुगवट्यावरून वळतो, त्यामुळे ठसा माशापेक्षा थोडा लांब आणि बराच रुंद येतो. जुन्या ठशांवर माप शाकू आणि सूनमध्ये असतं. १ शाकू म्हणजे सुमारे ३०.३ सेंटिमीटर आणि त्याचा दहावा भाग म्हणजे १ सून.

कागद आणि शाई

कागद वाशीच, म्हणजे पारंपरिक जपानी कागदच हवा. त्यातही कोझो, म्हणजे तुतीच्या जातीच्या झाडाच्या सालीचा, चौरस मीटरला २० ते ४० ग्रॅम वजनाचा. त्याचे धागे लांब असतात, म्हणून पातळ असूनही तो माशाच्या अंगावर वळतो आणि फाटत नाही. चित्रकलेचा जाड कागद वळतच नाही, फक्त खवल्यांची टोकं उमटतात. सरावाला सुलेखनाचा हान्शी कागद बरा, तो साधारण २४ × ३३ सेंटिमीटरचा मिळतो. वाशीची एक बाजू गुळगुळीत, दुसरी खरखरीत असते; गालाला लावून पाहिली की फरक कळतो. ठसा गुळगुळीत बाजूवर घ्या. चहूबाजूंनी किमान ८ सेंटिमीटर मोकळे सोडून कागद कापा, आणि लिखाणासाठी एका बाजूला आणखी जागा ठेवा.

शाई दोन प्रकारची चालते. पारंपरिक सुमी, काजळी आणि सरस यांची, बाटलीतली तयारही चालते. तिचे काळे-करडे थर फार सुंदर येतात, पण ती त्वचेवर दोन-तीन मिनिटांत वाळते. २० मिलिलिटर शाईत ग्लिसरीनचे ३-४ थेंब घातले तर थोडी उसंत मिळते. जास्त घातलं तर ठसा दिवसेंदिवस चिकट राहतो. दुसरी, लाकडी ठशांच्या छपाईची पाण्यात मिसळणारी दाट शाई. ती सावकाश वाळते, पसरत नाही, आणि नवशिक्याला तीच सोपी. सुमीत पाणी मिसळायचा मोह मात्र आवरा. पातळ शाई खवल्यांच्या फटींत साचते आणि कागदाला लागताच फुटते.

शाई लावणं

दोन ते अडीच सेंटिमीटर रुंदीचा चपटा, मऊ कुंचला. शाईत बुडवून रद्दीच्या कागदावर इतका टिपा की तो अर्धा कोरडा राहील. आधी अंग: डोक्याकडून शेपटीकडे पातळ थर. मग शाई न घेता तोच कुंचला शेपटीकडून डोक्याकडे हलक्या हातानं फिरवा, म्हणजे शाई खवल्यांच्या कडांना लागते आणि ठशात प्रत्येक खवल्याची कमान दिसते. पाठ गडद, पोट फिकं ठेवा; खरा मासाही तसाच असतो. पर सर्वांत शेवटी, कारण ते पातळ असतात आणि आधी लावले तर कागद येईपर्यंत वाळून जातात. डोळ्यावर लागलेली शाई कापसाच्या काडीनं पुसून टाका. टाचण्या काढा. पाटावर सांडलेले डाग ओल्या फडक्यानं टिपा, नाहीतर तेही छापले जातात.

किती शाई पुरे? माशाकडे उजेडात तिरक्या नजरेनं पाहा. ओल्या रस्त्यासारखा चकाकत असेल तर फार झाली. अंगाच्या बाजूनं जाणारी ठिपक्यांची रेषा शाईखालूनही मोजता येईल इतकी दिसत असेल, तर बरोबर. संशय आला तर कमीच ठेवा.

कागद टेकवणं

कागद दोन्ही हातांत, मध्यभागी किंचित झोळ देऊन धरा आणि तो झोळ माशाच्या पोटाच्या सर्वांत फुगीर भागावर टेकवा. टेकला की सरकवायचा नाही. एक मिलिमीटर सरकला तरी कडा दुहेरी येते. तळव्यानं अंग दाबा, मग बोटांच्या पोटांनी मधून बाहेर: आधी धड, मग डोकं, मग पर, शेपूट सर्वांत शेवटी. पातळ कागदातून शाई वर दिसू लागते, त्यामुळे कुठे दाबायचं राहिलं ते कळतं. परांचा प्रत्येक काटा नखानं नाही, बोटाच्या टोकानं वेगवेगळा दाबा. जास्तीचा कागद मोकळ्या जागेकडे ढकला. डोक्यापाशी चुणी अटळ असेल तर ती माशाच्या आत न पडता जबड्याखाली पडेल अशी वळवा.

उचलताना शेपटीकडून, सावकाश. पर कागदाला चिकटून वर येऊ लागला तर काडीनं खाली धरा. ठसा रद्दीवर सपाट ठेवून वाळू द्या. दोरीवर टांगला तर शाई खाली ओघळते.

पहिला ठसा जवळजवळ नेहमीच जास्त ओला येतो. तो रद्दीवर घ्या. दुसरा, कधी कधी नवी शाई न लावताच घेतलेला, बहुधा सर्वांत नाजूक निघतो. एका माशावर पाच-सहा ठसे आरामात होतात, दर दोन ठशांनंतर ओल्या फडक्यानं अंग पुसून, परत कोरडं करून.

बिघाड

माशाभोवती करडी, लोकरीसारखी झालर आली तर खवल्यांत पाणी राहिलं आहे; टिपा आणि गार हवा द्या. काळा गोळा आला, खवले दिसेनात, तर शाई जास्त. कल्ल्यापाशी किंवा पोटाखाली तपकिरी डाग म्हणजे बोळा भिजला. अंगाच्या मधोमध पांढरा पट्टा असेल तर दोन कारणं संभवतात: शाई वाळली, किंवा पोट खचल्यामुळे कागद टेकलाच नाही. पोटावर हात ठेवून पाहा, कोणतं ते लगेच कळेल. ठसा सगळीकडे सारखाच फिकट आणि ठिपकेदार आला तर बुळबुळ राहिली आहे. त्यावर जास्त शाई हा उपाय नाही. पुन्हा मिठापासून सुरुवात करा.

डोळा

ठसा पूर्ण वाळल्यावरच. डोळ्याच्या जागी कोरी जागा राहिलेली असते. सर्वांत बारीक कुंचल्यानं आधी बाहेरचं कडं, मग बाहुली. बहुतेक माशांची बाहुली कंपासनं काढलेल्या वर्तुळासारखी नसते, तोंडाच्या बाजूला तिला किंचित टोक असतं. खरा मासा शेजारी ठेवून पाहा. वरच्या बाजूला प्रकाशाचा एक ठिपका कोरा सोडा. तो नंतर पांढऱ्या रंगानं काढता येतो, पण कोऱ्या कागदाची चमक त्याला येत नाही. आधी बिघडलेल्या ठशावर पाच-सहा डोळे काढून हात बसवा. चांगला ठसा डोळ्यात घालवल्याचं दुःख फार.

अप्रत्यक्ष पद्धत, थोडक्यात

धुणं, वाळवणं, मांडणी तीच. पातळ कोझो किंवा रेशमी कापड माशावर ठेवून पाण्याचा फवारा मारा आणि मऊ कुंचल्यानं ते अंगाला बसवा, खवल्यांचे उंचवटे वर दिसेपर्यंत. मग थांबा. हाताच्या मागच्या बाजूला कागद गार लागतो पण ओलावा लागत नाही, अशा वेळी काम सुरू करायचं. ताम्पो म्हणजे कापसाचा बोळा रेशमात घट्ट बांधून केलेली पोटली. बोराएवढी, सुपारीएवढी आणि लिंबाएवढी अशा तीन ठेवा. पोटलीला शाई लावून रद्दीवर टिपत राहा, नुसती धूसर सावली उमटेपर्यंत, आणि मगच माशाला. फिक्या रंगापासून गडदाकडे, थरावर थर. एका माशाला काही तास लागतात. कागद पूर्ण वाळायच्या आत उचला, नाहीतर काट्यांपाशी फाटतो. इथे प्रतिमा उलटत नाही, हिरामे हिरामेच राहतो.

मासा खायचा का? पारंपरिक सुमीनं ठसा घेऊन मासा धुऊन खाल्ला जाई. छपाईची शाई लावलेला किंवा तासन्‌तास उघड्यावर राहिलेला मासा खाऊ नका.

लिखाण आणि पाठकागद

मच्छीमारांच्या ठशावर माशाचं नाव, लांबी, वजन, तारीख, जागा, पकडणाऱ्याचं नाव आणि साक्षीदाराचं नाव लिहितात. साक्षीदार नसेल तर निदान वजन तरी वाढवू नये.

वाळलेला वाशी सुरकुतलेला असतो, म्हणून त्याला मागून दुसरा कागद लावतात. याला उराउची म्हणतात. त्याआधी ठसा निदान एक दिवस, शक्य तर आठवडाभर वाळू द्या आणि एका कोपऱ्यावर ओलं बोट लावून शाई फुटत नाही ना ते पाहा. धुऊन निघणाऱ्या शालेय सुमीवर हे करता येत नाही. गव्हाच्या सत्त्वाची खळ करा: १ भाग सत्त्व, ५ भाग पाणी, मंद आचेवर ढवळत पारदर्शक होईपर्यंत. गार झाली की गाळून दुधाइतकी पातळ करा. ठसा काचेवर पालथा ठेवून फवारा मारा आणि रुंद ब्रशानं मधून बाहेर सपाट करा. त्याच्यापेक्षा सगळीकडून ३ सेंटिमीटर मोठ्या वाशीला खळ लावा, एका कडेपासून सावकाश सोडत ठशावर घाला आणि कोरड्या ब्रशानं हवा बाहेर काढा. आता जोडकागदाच्या उघड्या कडांना थोडी दाट खळ लावून तो उचला, सुलटा करून लाकडी फळीवर फक्त कडांनी चिकटवा, आणि एका कडेखाली बोटभर रुंद कोऱ्या कागदाची पट्टी घालून ठेवा. वाळताना कागद ढोलकीच्या पुडीसारखा ताणला जातो आणि सगळ्या चुण्या निघतात. दोन दिवसांनी त्या पट्टीपाशी उरलेल्या फटीतून बांबूची पातळ पात सारून चहूकडून कागद सोडवा, कडा कापा, आणि लाल शिक्का उमटवायचा असेल तर तो आता, शेपटीच्या खालच्या मोकळ्या जागेत.